लाइट आली की सुटणारा वारा

हवामान केंद्रातल्या वारा मोजणाऱ्या सेन्सरचा आलेख समोर आहे. हा सेन्सर बिघडला की दोष कसा ओळखायचा आणि दुरुस्त कसा करायचा, ते पाहू. रात्री १० पर्यंत वारा शून्य. १० ला एकदम ४.९ मीटर प्रति सेकंद, आणि तिथून पहाटे ६ पर्यंत पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ. ६ ला पुन्हा शून्य. पुढच्या आठवड्यात हेच सगळं दिवसा दिसतं, कारण कृषी फीडरची पाळी बदललेली असते.

हा वारा नाही, ही विहिरीवरच्या मोटारीची लाइन आहे. प्रोपेलरच्या सेन्सरमध्ये शाफ्टबरोबर चुंबक फिरतो आणि शेजारच्या कॉइलमध्ये छोटासा एसी सिग्नल तयार होतो. कॉइलची एक तार तुटली की लॉगरची, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या यंत्राची, इनपुट अधांतरी लोंबकळते. मग शेजारून गेलेल्या स्टार्टरच्या केबलमधले विजेचे ५० हर्ट्झ (सेकंदाला ५० आवर्तनं) ती अँटेनासारखे उचलते आणि लॉगर ते इमानेइतबारे मोजतो. यंग कंपनीच्या ०५१०३ या प्रोपेलर सेन्सरला १ हर्ट्झ म्हणजे ०.०९८ मी./से. म्हणजे ५० हर्ट्झला बरोबर ४.९. खोटा आकडा, पण सहज पटणारा. हाच दोष एनआरजी कंपनीच्या ४०सी या कपाला (प्रोपेलरऐवजी फिरत्या वाट्या असलेल्या सेन्सरला) आला तर ५० गुणिले ०.७६५ अधिक ०.३५, म्हणजे ३८.६ येतो. रोज रात्री १० ला चक्रीवादळ येत नाही हे कुणालाही कळतं. डेव्हिस कंपनीच्या रीड स्विचवाल्या (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा स्विच) कपाला १ हर्ट्झ म्हणजे साधारण १.००६ मी./से., तिथे आकडा ५० च्या पुढे जातो. आपल्या सेन्सरचा हा '५० हर्ट्झचा आकडा' लॉगरच्या डबीच्या झाकणावर आतून मार्करने लिहून ठेवावा. आलेखात तो सरळ रेघेत दिसला की सेन्सर खोलायची गरज नाही, तार शोधायची.

तापमानाचा सेन्सर गेला की असा काही अचाट आकडा दाखवतो की लगेच कळतं. वाऱ्याचा सेन्सर गेला की शून्य दाखवतो, आणि शून्य हा वाऱ्याचा खरा आकडाही असू शकतो. बेअरिंग जाम होत असेल तर तेही नाही, नुसता थोडा कमी वारा दाखवत राहतो. पवनचक्कीच्या जागेसाठी मोजणी चालली असेल तर ३ टक्के कमी वेग म्हणजे जवळजवळ ९ टक्के कमी ऊर्जा, कारण ऊर्जा वेगाच्या घनावर चालते. जळगावकडे केळीच्या हवामान आधारित विम्यात वेगाचा वारा हाच एक निकष असतो. तिथे जड झालेल्या बेअरिंगची किंमत बागायतदार मोजतो.

म्हणून मास्टवर, म्हणजे सेन्सरच्या खांबावर, चढण्याआधी खुर्चीत बसून महिनाभराचा डेटा पाहायचा. पहाटे ३ ते ६ या वेळात 'वारा नाही' असं किती नोंदींत आलं ते मोजा आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून पाहा. बेअरिंग घासलं की आधी मंद वारे नाहीसे होतात, जोराचे वारे बरेच दिवस ठीक दिसतात. एकाच उंचीवर दोन कपवाले सेन्सर असतील तर त्यांच्या वेगाचं गुणोत्तर काढा. ते हळूहळू एका बाजूला सरकत गेलं तर बेअरिंग, एका दिवसात उडी मारली तर कप फुटलाय किंवा लॉगरच्या सेटिंगमध्ये कुणीतरी हात घातलाय. एखाद्याच नोंदीत दुप्पट झोत आणि आजूबाजूला सगळं शांत असेल तर रीड स्विच एका फेरीत दोनदा वाजतोय. पाऊस पडला की बिघडतं आणि उन्हात सुधारतं, तर पाणी जोडात शिरलंय. आणि दिवसभर ०.३५ किंवा ०.४ असाच आकडा येत असेल तर तो वारा नसून लॉगरमध्ये भरलेला ऑफसेट (गुणाकारानंतर मिळवायचा ठरीव आकडा) आहे, म्हणजे सेन्सरकडून पल्स एकही येत नाही.

दिशेचं वेगळं. दिशा तासन् तास एकाच अंशावर आणि वेग मात्र वरखाली, तर वेन, म्हणजे दिशा दाखवणारं फिरतं पातं, अडकली आहे. दिशा कायम ० किंवा ३५९ असेल तर तार तुटली आहे किंवा पॉटला (वेनबरोबर फिरून रोध बदलणाऱ्या पोटेन्शिओमीटरला) मिळणारा पुरवठा बंद आहे. जाता जाता एक सांगायला हवं: दिशेची साधी सरासरी काढणारे अजूनही भेटतात. ३५० आणि १० यांची सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा दक्षिणेचा होतो. तो दोष सेन्सरच्या माथी मारू नये.

आता प्रत्यक्ष काम. १० मीटरचा झुकवता येणारा मास्ट असेल तर किमान तिघं हवीत. वारा ५ मी./से. च्या वर असेल तर मास्ट खाली घेऊच नये. मास्ट पडेल त्या बाजूला, आणि दोन्ही कुशींनाही, मास्टच्या उंचीपेक्षा जास्त अंतरापर्यंत विजेची तार नसावी. एप्रिल-मेमध्ये दुपारी ढग जमायला लागले की काम थांबवायचं. वळवाची वीज सर्वांत उंच लोखंड शोधते आणि त्या माळावर ते तुमचंच असतं. गाय वायरचे, म्हणजे मास्टला ताणून धरणाऱ्या तारांचे, टर्नबकल (ताण देणारे स्क्रू) सोडण्याआधी उघड्या आट्यांवर मार्कर मारून ठेवा, म्हणजे परत ताणताना मास्ट ओळंब्यात येतो. गाय वायरला खरोखरच गाई अंग घासतात. तार जमिनीत जिथे रोवली आहे त्याच्या आसपास काटेरी कुंपण नसेल तर दर पावसाळ्याआधी ताण तपासावाच लागतो.

सेन्सर हातात आला की पुसू नका, आधी बघा. कपांना उन्हाने बारीक तडे गेलेत का, एखाद्या कपाची कड खाल्लेली आहे का, कप आणि बॉडीच्या फटीत कोळ्याचं जाळं आहे का. कुंभारीण माशी या फटीत मातीचं घर बांधते. ते ओलं असताना कप अडवतं, आणि वाळल्यावर त्याची पूड बेअरिंगमध्ये जाते. कोकणपट्टीत यावर मिठाचा थर चढतो. कपाचा ग्रब स्क्रू आणि शाफ्ट वेगवेगळ्या धातूंचे असले की वर्षभरात ते एकजीव होतात. आधी भेदक तेलाचा एक थेंब, १५ मिनिटं थांबायचं, मगच एलन की. डेव्हिसच्या कपाचा स्क्रू ०.०५ इंची, म्हणजे १.२७ मिलिमीटरचा आहे. बाजारातल्या साध्या मेट्रिक सेटमधली १.५ ची की त्यात जातच नाही, आणि 'जवळपास बसतेय' असं म्हणून बारीक की फिरवली की स्क्रूचे षट्‌कोन गोल होतात. बॉक्सबरोबर आलेली चिमुकली की लॉगरच्या डबीतच चिकटवून ठेवा.

कप फुटला असेल तर कपांचा अख्खा संच बदलायचा, एकटा कप नाही, आणि तोही त्याच मॉडेलचा. १८४६ मध्ये आयर्लंडच्या रॉबिन्सनने चार कपांचं यंत्र बनवलं, तेव्हा त्याचा समज होता की कप कितीही मोठा असो, दांडी कितीही लांब असो, कप वाऱ्याच्या एक तृतीयांश वेगाने फिरतो. ते चुकीचं ठरलं. कपाचा व्यास आणि दांडीची लांबी बदलली की गुणक बदलतो. दिसायला सारखे म्हणून दुसऱ्या कंपनीचे कप बसवणारे आजही रॉबिन्सनचीच चूक करत असतात.

बेअरिंगची परीक्षा बोटाने होते. कप काढा, शाफ्ट आडवा धरा आणि एका बोटाने अगदी सावकाश फिरवा. जोरात गरगर फिरवून काही कळत नाही, जोरात सगळीच बेअरिंगं छान फिरतात. सावकाश फिरवताना वाळू चुरल्यासारखं जाणवलं किंवा एखाद्या जागी शाफ्ट थबकला तर बेअरिंग गेलं. प्रोपेलरवाल्या सेन्सरसाठी कागदाची साधी टाचणक्लिप पुरते. साधारण अर्ध्या ग्रॅमची क्लिप एका पात्याच्या टोकाला अडकवा, ते पातं घड्याळाच्या ३ किंवा ९ च्या जागी आडवं आणा आणि हळूच सोडा. क्लिपच्या वजनाने प्रोपेलर खाली आला नाही तर बेअरिंग बदला. हे चार-पाच वेगवेगळ्या जागी करा, कारण डाग बेअरिंगच्या एकाच भागात असू शकतो. कपांसाठी दुसरा उपाय आहे. बंद खोलीत पंखा बंद करून कप फिरवा आणि लॉगरवर ५ हर्ट्झपासून शून्यावर यायला किती सेकंद लागतात ते मोजा. नवा असतानाचा आकडा बॉडीवर लिहिलेला असेल तर तुलना होते. तो निम्म्यावर आला की निर्णय सोपा.

बेअरिंग आणताना त्यावरचा नंबर पाहा. नंबर पुसला असेल तर व्हर्नियरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजा. ३ × ८ × ४ असेल तर ६९३, ४ × ९ × ४ असेल तर ६८४, ५ × ११ × ५ असेल तर ६८५. पुढे 'झेडझेड' म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, हेच हवं. दुकानदार हमखास रबरी सीलचं बेअरिंग पुढे करतो, 'धूळ शिरणार नाही साहेब' म्हणतो. खरं आहे, पण रबराचा ओठ शाफ्टला घासतो आणि मंद वाऱ्यात कप हलतच नाहीत. पंख्या-मोटारीचं बेअरिंग जाड ग्रीसने भरलेलं असतं, तेही इथे चालत नाही. इन्स्ट्रुमेंट ऑइलवालं मागायचं. आणि गंजलेले नट सोडवायचा तो निळा-पिवळा स्प्रे बेअरिंगवर मारू नये. स्प्रे मारल्यावर दोन दिवस कप छान फिरतो, कारण मूळ वंगण धुऊन निघालेलं असतं. मग उरलेल्या चिकट थरावर धूळ बसते आणि महिन्याभरात अवस्था आधीपेक्षा वाईट होते.

बसवताना जोर कुठे द्यायचा यावर नव्या बेअरिंगचं आयुष्य ठरतं. बॉडीत बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर, शाफ्टवर चढवताना आतल्या कड्यावर. उलटं केलं तर जोर गोळ्यांमधून जातो, रिंगवर सूक्ष्म खळगे पडतात आणि कोरं बेअरिंग पहिल्याच दिवशी खरखरतं. योग्य मापाचा सॉकेट आणि वाइस पुरेसा आहे. हातोडी लांब ठेवा. वरचं आणि खालचं, दोन्ही एकदमच बदला. मधली पातळ वॉशर आणि स्प्रिंग ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने परत जायला हवी, म्हणून काढतानाच मोबाइलवर फोटो घ्या.

रीड स्विच तपासायला मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवा आणि कप हाताने सावकाश फिरवा. डेव्हिसमध्ये काळी आणि लाल तार, एका फेरीला एक बीप. बीप कायम वाजत राहिला तर पट्ट्या चिकटल्या आहेत. बहुधा जवळपास वीज पडलेली असते. एक मात्र सांभाळायला हवं. सिग्नल गुळगुळीत करायला म्हणून बरेच जण स्विचच्या दोन टोकांना थेट कपॅसिटर लावतात. स्विच बंद होताना तो कपॅसिटर क्षणात पट्ट्यांमधून रिकामा होतो आणि त्या ठिणगीने पट्ट्या हळूहळू जळतात. १० किलोओहमचा पुल-अप (सिग्नलची तार पुरवठ्याला जोडणारा रोधक), ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि स्विचच्या मार्गात १०० ओहमचा रोधक टाकला की दुहेरी पल्सही जातात आणि स्विचही टिकतो. लॉगरमध्ये डिबाउन्सची वेळ (एका पल्सनंतर दुसरा न मोजण्याची) देता येत असेल तर १-२ मिलिसेकंद द्या. ती २० वर नेली तर जोराचे झोत कापले जातात; ३० मी./से. ला एक फेरी जेमतेम ३३ मिलिसेकंदांची असते.

महाराष्ट्रात वेनचा पॉट एका ठरावीक जागी झिजतो. जून ते सप्टेंबर वारा साधारण पश्चिम-नैर्ऋत्येकडून येतो. चार महिने पॉटचा ब्रश २४० ते २८० अंशांच्या तेवढ्याच पट्ट्यात थरथरत राहतो, अक्षरशः करवतीसारखा. तिथला कार्बनचा थर उडतो आणि बाकी पूर्ण वर्तुळ कोरं राहतं. म्हणून पॉट तपासताना चार दिशांना चार रीडिंग घेऊन 'ठीक आहे' म्हणू नका. डेव्हिसचा पॉट २० किलोओहमचा, यंग आणि एनआरजीचे १० चे. शक्य असेल तर काट्याचा जुना मीटर लावा आणि वेन एका मिनिटात एक फेरी या गतीने फिरवा. काटा सरळ चढत गेला पाहिजे. पश्चिमेच्या आसपास तो दचकला तर पॉट बदलायचा. डिजिटल मीटर हा दचका गिळून टाकतो.

प्रत्येक पॉटला एक मेलेला पट्टा असतो, यंगमध्ये ३५५ ते ३६० अंश. त्या पट्ट्यात ब्रश कशालाच टेकत नाही आणि लॉगर मनाला येईल तो आकडा वाचतो. सिग्नल आणि ग्राउंडमध्ये १ मेगाओहमचा रोधक लावला की तिथे शून्य येतं. १० किलोओहमच्या पॉटला याने मधोमध अर्ध्या अंशाचा फरक पडतो, तो सोसावा. मेलेला पट्टा मुख्य वाऱ्याच्या दिशेला कधीच येऊ द्यायचा नाही. नवा पॉट टाकताना तीन तारा सोल्डर कराव्या लागतात, तिथे आम्लयुक्त फ्लक्स वापरलात तर पुढच्या पावसाळ्यात हिरवी पूड मिळेल.

केबलवर पान खर्च करायला नको, पण बिघाड शोधताना सुरुवात केबलपासूनच करावी. शील्ड, म्हणजे केबलमधली धातूची जाळी, फक्त लॉगरकडे ग्राउंड करायची, दोन्हीकडे केली तर जमिनीतला प्रवाह तिच्यातून वाहतो. डबीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, थेंब तिथून गळून जातो. जोडावर आधी स्वतःत मिसळणारी रबरी टेप ताणून, मग वरून पीव्हीसी टेप. पांढरे केबल टाय उन्हात वर्षभरात तुटतात, काळेच घ्या. खार आणि उंदीर सांगायलाच नकोत. मेगरने (जास्त व्होल्टेज देऊन तपासणाऱ्या मीटरने) इन्सुलेशन तपासायचं असेल तर सेन्सर आणि लॉगर दोन्ही सोडवून. ५०० व्होल्ट लॉगरमध्ये गेले तर पुढची दुरुस्ती लॉगरची.

दुरुस्तीनंतर माहीत असलेल्या वेगाने फिरवून पाहा. ३०० आरपीएमची गिअर मोटर आणि साधा टॅकोमीटर पुरतो. डेव्हिसला ५.०३ मी./से. दिसायला हवेत, यंगच्या प्रोपेलरला १.४७. याने तारा, स्विच आणि लॉगरमधला गुणक बरोबर आहेत एवढंच कळतं. कप वाऱ्यात कसे वागतात हे वाऱ्याच्या बोगद्यातल्या (विंड टनेल) कॅलिब्रेशनशिवाय कळत नाही. तेवढं शक्य नसेल तर विश्वासाचा सेन्सर त्याच उंचीवर दोनेक मीटर बाजूला लावा, तोही वाऱ्याच्या रेषेत पुढे-मागे नको. मग दोघांच्या १० मिनिटांच्या सरासऱ्या ताडून पाहा, त्याही ४ मी./से. च्या वरच्याच घ्या.

वेनची उत्तर दिशा लावताना होकायंत्र लोखंडी मास्टजवळ धरू नका. आपल्याकडे चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यात एक अंशही फरक नाही, त्यामुळे ती दुरुस्ती सोडून दिली तरी चालते, पण मास्टचं लोखंड सुई कितीही ओढतं. त्यापेक्षा उपग्रह नकाशा उघडा, अर्ध्या किलोमीटरवरच्या देवळाचा कळस किंवा पाण्याची टाकी निवडा आणि मास्टपासून तिचा कोन काढा. ५०० मीटरवर एक अंश म्हणजे पावणेनऊ मीटर, डोळ्याने नेम धरायला तेवढं पुष्कळ झालं. वर चढलेला वेनचं नाक त्या कळसाकडे धरतो, खालचा लॉगरवर आकडा वाचतो. नाक वाऱ्याकडे, शेपूट वाऱ्याच्या मागे. हे उलटं लागलेलं केंद्र जुलैमध्ये लगेच ओळखू येतं: सगळ्या तालुक्यात वारा २५० अंशांवर आणि याच्याकडे ७०.

शेवटी वही. तारीख, खाली घेतल्याची आणि वर चढवल्याची वेळ, जुना आणि नवा सिरीयल नंबर, जुना आणि नवा गुणक व ऑफसेट. या दोन वेळांमधला डेटा सर्व्हरवरून रद्द करून घ्या, नाहीतर तपासताना हाताने गरगरा फिरवलेले कप त्या महिन्याचा सर्वांत मोठा झोत म्हणून अहवालात छापून येतात.